‘एंट्री उडाली’ म्हणण्याआधी: पॅलिएटिव्ह केअरच्या पेशंट-रेकॉर्ड सॉफ्टवेअरमधला घोळ कसा शोधायचा

शनिवारी दुपारी सिस्टरचा फोन येतो. ‘सर, गुरुवारपासूनच्या सगळ्या व्हिजिट उडाल्या. ॲप काढून परत टाकलं, तरी दिसत नाहीयेत.’ यातलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा खरं नसतं. दुसऱ्या वाक्यात सांगितलेला उद्योग ते खरं करून ठेवतो. नोंदी टॅबमध्येच होत्या, फक्त वर, म्हणजे सर्व्हरवर, गेल्या नव्हत्या. ॲप काढलं तेव्हा त्या गेल्या.

मी घरोघरी जाऊन पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारातल्या पेशंटचा त्रास कमी करणारी सेवा) देणाऱ्या एका टीमचं रेकॉर्ड सांभाळतो. वरचा फोन मला एकापेक्षा जास्त वेळा आलेला आहे, म्हणून हे लिहितोय. तुमचं सॉफ्टवेअर ओडीके किंवा कोबोसारख्या (मोबाइलवर माहिती भरायच्या ॲपच्या) फॉर्मवर चालत असेल, बाह्मनी या दवाखान्याच्या सॉफ्टवेअरसारखं मुक्त (ओपन सोर्स) असेल किंवा एखाद्या कंपनीकडून घेतलेलं असेल. बटणांची नावं वेगळी असतील, पण घोळ तेच असतात आणि ते शोधायचा क्रमही तोच. लोक नेमके क्रमात चुकतात.

## आधीची तयारी (बिघाड नसतानाच करायची)

बिघाडाच्या दिवशी तयारी होत नाही. पुढच्या गोष्टी एखाद्या निवांत दुपारी करून ठेवा.

कोरे कागदी भेट-फॉर्म प्रत्येक बॅगेत किमान दहा ठेवा. फॉर्ममधले रकाने सॉफ्टवेअरच्याच क्रमाने हवेत, नाहीतर नंतर एंट्री करणारा माणूस मधले दोन रकाने गाळणार हे ठरलेलं.

सध्याच्या पेशंटची एक छापील यादी दर सोमवारी काढा: नोंदणी क्रमांक, नाव, गाव, चालू औषधं, घरातल्या कोणाला फोन करायचा. ती कुलपात राहू दे.

प्रत्येकाचं लॉगिन वेगळं ठेवा. ‘सिस्टर’ नावाचं एकच लॉगिन आणि त्याचा पासवर्ड टॅबच्या मागे चिकटवलेला, हे चित्र अनेक ठिकाणी दिसतं. मग डोस कुणी बदलला हे कुणालाच सांगता येत नाही.

एक साधी शंभर पानी वही घ्या. तिच्यावर ‘बिघाड वही’ असं लिहा. तिचं काम टप्पा २ मध्ये.

## टप्पा १ : सॉफ्टवेअर बाजूला, पेशंट आधी

बिघाड कळल्या क्षणी सगळे स्क्रीनभोवती जमतात. तसं करू नका. आजच्या भेटींपैकी कोणाचा डोस काल-परवा बदलला होता, तेवढंच आधी बघा. ती माहिती टॅबमध्ये अडकली असेल तर ज्या डॉक्टरांनी बदल केला त्यांना फोन करून विचारा, कागदावर उतरवा आणि घरी गेल्यावर पेशंटजवळच्या डोसच्या कार्डाशी ताडून पाहा.

सावधान : स्क्रीनवर जुना डोस दिसतोय आणि घरातले म्हणताहेत की डॉक्टरांनी वाढवला, अशा वेळी स्क्रीन प्रमाण मानू नका. घरातल्यांचं तोंडी सांगणंही प्रमाण मानू नका. फोन करा.

## टप्पा २ : तक्रार नेमकी लिहून घ्या

‘चालत नाही’ ही तक्रार नव्हे. वहीत पाच गोष्टी लिहायच्या: कोणता टॅब, कोणाचं लॉगिन, कोणता पेशंट (फक्त नोंदणी क्रमांक), काय करताना झालं, स्क्रीनवर शब्दशः काय आलं. शिवाय वेळ. ‘दुपारी’ नको, ‘२ वाजून १० मिनिटं’ हवं.

मग एकच प्रश्न विचारा: हे एकाच टॅबवर होतंय की सगळ्यांवर? एकावरच होत असेल तर टॅब तपासायचा, टप्पा ३. सगळ्यांवर होत असेल तर सर्व्हर किंवा नेट. टॅबना हात लावायचा नाही, सरळ टप्पा ९. आणि एकाच पेशंटबाबत सगळ्या टॅबवर होत असेल तर दोष त्या नोंदीत आहे. तेव्हा टप्पा ५ आणि ६.

स्क्रीनचा फोटो काढून टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची सवय असेल तर ती मोडा. त्या फोटोत पेशंटचं नाव, कॅन्सरचा प्रकार आणि गाव असतं. लहान गावात एवढं पुरेसं होतं. फोटो लागणारच असेल तर नाव झाकून काढा आणि ज्याला दुरुस्ती करायची आहे त्यालाच पाठवा.

## टप्पा ३ : टॅबची तपासणी

या क्रमानेच बघा.

पहिलं घड्याळ. टॅबची बॅटरी पूर्ण उतरली आणि तो दोन दिवस बंद राहिला की काही टॅबची तारीख मागे जाते. तारीख चुकली की सुरक्षित जोडणीच होत नाही. मग ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा काहीतरी संदेश येतो आणि सगळे नेटला शिव्या घालत बसतात. तारीख-वेळ ‘आपोआप’ वर आहे का आणि टाइम झोन भारताचा आहे का, हे पाहा.

दुसरं नेट. वायफायची खूण दिसते म्हणजे नेट आहे असं नाही. ब्राउझरमध्ये एखादं पान उघडून बघा. ‘फक्त वायफायवर सिंक’ (सिंक म्हणजे नोंदी सर्व्हरवर पाठवणं) हे सेटिंग चालू असेल तर मोबाइल डेटावर काहीच वर जाणार नाही.

तिसरं बॅटरी सेव्हर. तो चालू असला की स्क्रीन बंद झाल्यावर बरेच अँड्रॉइड टॅब ॲपला मागे काम करू देत नाहीत. सिंक चालू करून टॅब बॅगेत टाकला की सिंक तिथेच थांबतं. ॲपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्या, आणि सिंक संपेपर्यंत स्क्रीन चालू ठेवा.

चौथी जागा. जखमांचे मोठे फोटो साठून साठून टॅब भरतो.

सावधान, आणि हे लॅमिनेट करून टॅबच्या कव्हरमध्ये घाला : न पाठवलेल्या नोंदी असताना ॲप काढायचं नाही, ‘क्लिअर डेटा’ दाबायचं नाही, टॅब फॅक्टरी रीसेट करायचा नाही. ‘क्लिअर कॅश’ आणि ‘क्लिअर डेटा’ ही बटणं शेजारी-शेजारी असतात. पहिल्याने सहसा काही बिघडत नाही, दुसऱ्याने टॅबमधल्या नोंदी पुसल्या जातात. काही ॲपमध्ये तर लॉगआउट केलं तरी स्थानिक नोंदी जातात. म्हणून खात्री होईपर्यंत लॉगआउटही नको.

## टप्पा ४ : नोंद कुठवर पोचली ते शोधा

नोंदीला चार थांबे असतात: ड्राफ्ट, पाठवायला तयार, पाठवली, सर्व्हरवर दिसली. ‘उडालेली’ नोंद यातल्याच कुठल्यातरी थांब्यावर बसलेली असते.

ड्राफ्टमध्ये असेल तर फॉर्म पूर्ण केलेला नाही. फॉर्मवर चालणाऱ्या ॲपमध्ये ‘सेव्ह’ आणि ‘फायनलाइज’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिस्टर भेट संपवून सेव्ह करते आणि निघते. शेवटचं पान उघडलंच जात नाही. अशी नोंद कितीही सिंक केलं तरी वर जात नाही, कारण ॲपच्या मते ती अजून लिहायची आहे.

‘पाठवायला तयार’ मध्ये असेल तर नेट किंवा लॉगिनची अडचण आहे. एकेक नोंद निवडून पाठवा. रांगेत पुढे एखादी मोठ्या फोटोची नोंद अडकली असेल तर मागच्या सगळ्या तिच्यामुळे थांबलेल्या असू शकतात.

‘पाठवली’ दिसतेय पण ऑफिसच्या संगणकावर नाही, तर आधी संगणकावरची गाळणी (फिल्टर) काढा. तारखेची, टीमची, ‘फक्त माझे पेशंट’ची. या गाळणीने आमचा एक अख्खा सोमवार खाल्लेला आहे. गाळणी काढूनही नोंद नसेल तर टप्पा ५ कडे जा. ती बहुधा दुसऱ्याच फाईलमध्ये बसली आहे.

तपासा : पुढे जाण्याआधी टॅबमधल्या आजच्या नोंदी मोजा आणि कागदी भेट-यादीशी जुळवा. आकडा जुळला म्हणजे काहीही हरवलेलं नाही. जुळला नाही तर कोणत्या घरची नोंद कमी आहे ते नावानिशी लिहा, आणि ती सिस्टर घरी जायच्या आत तिच्याकडून आठवणीतून कागदावर भरून घ्या. उद्या तिला भेटीतले आकडे आठवणार नाहीत.

## टप्पा ५ : पेशंट सापडत नाही

हा टप्पा मी लांबवणार आहे, कारण मराठी नावांमुळे होणारा घोळ कुठल्याही युजर मॅन्युअलमध्ये लिहिलेला नसतो.

उदाहरण घ्या, आडनाव बऱ्हाटे. यातला ऱ्ह दोन रीतींनी टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ वापरून, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे. संगणकाला मात्र ती दोन वेगळी आडनावं. सकाळच्या सिस्टरने एका कीबोर्डवर नोंदणी केली, संध्याकाळच्या सिस्टरने दुसऱ्यावर शोधलं. ‘पेशंट नाही’ असं उत्तर आलं आणि तिने नवी फाईल उघडली. आता एका बाईंच्या दोन फाईल: एकीत मॉर्फिन आहे, दुसरीत नाही. गोऱ्हे, कुऱ्हाडे, वऱ्हाडे, सगळ्यांची हीच गत.

बाकीचे घोळ त्यामानाने साधे. सुशीला की सुशिला. इंग्रजीतून नोंदणी असेल तर शेवंता कधी ‘व्ही’ घालून, कधी ‘डब्ल्यू’ घालून. माहेरचं नाव कागदपत्रांवर आणि सासरचं आडनाव तोंडी. वडिलांचं नाव मधे की नवऱ्याचं.

म्हणून शोधायचा क्रम असा:

१. नोंदणी क्रमांक. पुढची शून्यं धरून.
२. मोबाइल नंबर. आधी दहा अंकी, मग शून्य किंवा ९१ लावून. नंबर बहुधा मुलाचा किंवा सुनेचा असतो, आणि एका नंबरावर दोन पेशंटही असू शकतात. गाव आणि वय बघूनच फाईल उघडा.
३. आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर) असेल तर तो. तो १४ अंकी असतो. नसला तरी नोंदणी अडवू नका. तो ऐच्छिक आहे.
४. गाव, आणि त्या गावाची पूर्ण यादी डोळ्यांनी वाचणं. कंटाळवाणं आहे, पण हमखास.
५. नाव, सगळ्यात शेवटी.

लोक पाचवं पहिलं करतात.

कायमचा उपाय म्हणजे सगळ्या टॅबवर एकच मराठी कीबोर्ड टाका आणि बाकीचे काढा. नवी फाईल उघडण्याआधी वरचे पहिले चार प्रकार केलेच पाहिजेत, असा नियम लावा.

कीबोर्डावरून आठवलं, मराठी अंक. मराठी कीबोर्डवर टाइप केलेला पाच आणि इंग्रजी पाच संगणकासाठी वेगळे. आकड्याच्या रकान्यात मराठी अंक टाकला तर काही सॉफ्टवेअर सरळ नाकारतात. ते बरं. काही मात्र तो मुकाट्याने घेतात, स्क्रीनवर दाखवतात आणि हिशोबात धरत नाहीत. वेदनेचा आकडा दिसतो, पण आलेखात त्या दिवशी रिकामी जागा असते. आलेख तुटक दिसला तर आधी हे तपासा.

## टप्पा ६ : एकाच माणसाच्या दोन फाईल

दोन फाईल सापडल्या की ‘मर्ज’ (दोन्ही एकत्र करणं) दाबायची घाई होते. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मर्ज मागे घेता येत नाही.

आधी दोन्ही फाईल छापा. शेजारी ठेवून चार गोष्टी जुळवा: वय, गाव, आजार, घरातल्या माणसाचं नाव. चारही जुळल्या तरच एक माणूस. एकाच गावात एकाच नावाच्या चुलत जावा असतात, आणि दोघींनाही कॅन्सर असू शकतो. मग कोणती फाईल ठेवायची ते ठरवा. जिच्यावर औषधं चालू आहेत ती ठेवावी, हे माझं मत. चालू औषधांची यादी मर्जनंतर डॉक्टरांकडून ओळीन् ओळ वाचून घ्या. दोन फाईलमधला तोच मॉर्फिनचा डोस मर्ज झाल्यावर दोनदा दिसू शकतो.

तपासा : मर्ज झाल्यावर एकूण भेटींची संख्या ही दोन्ही फाईलमधल्या भेटींची बेरीज असायला हवी.

## टप्पा ७ : तारखांचे घोळ

मासिक अहवालात एक मृत्यू कमी भरतोय. रजिस्टरमध्ये आहे, सॉफ्टवेअरमध्येही आहे, पण महिन्यात नाही. हे दिसलं की मृत्यूची वेळ बघा.

बरेच सर्व्हर वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतात. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. म्हणजे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतली प्रत्येक घटना सर्व्हरच्या लेखी आदल्या दिवसाची. १ तारखेला पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी पेशंट गेला, तर सर्व्हरवर तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रात्री १० वाजून १० मिनिटांनी गेलेला असतो. स्क्रीन ही वेळ बदलून दाखवते, अहवाल काढणारा भाग कधीकधी बदलत नाही. दिवसा काम करणाऱ्या ओपीडीला हे कधी जाणवत नाही. आपले मृत्यू आणि रात्रीचे फोन मात्र याच वेळेतले.

हे टॅबमधून दुरुस्त होत नाही. अहवालाची टाइम झोन बदलून देण्यासाठी सॉफ्टवेअरवाल्यांना सांगावं लागतं. अहवाल जुळावा म्हणून मृत्यूची वेळ ‘सकाळी ६’ अशी भरणारे महाभाग मी पाहिले आहेत. तसं करू नका, घरच्यांना त्याच वेळेचा दाखला काढायचा असतो.

एक्सेलचा घोळ वेगळा. अमेरिकन सेटिंगच्या संगणकावर फाईल उघडली की ५ जूनचा ६ मे होतो. १२ पेक्षा मोठा दिवस असेल तर एक्सेलला ती तारीख कळत नाही आणि तो ती अक्षर म्हणून ठेवतो. म्हणून रकाना बघा: काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या, काही डावीकडे, असं दिसलं की फाईल बिघडली आहे. सेव्ह न करता बंद करा.

सॉफ्टवेअरमधून काढलेल्या सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याच्या) फाईलवर डबल-क्लिक करू नका. एक्सेल आधी उघडा, डेटा मेनूतून फाईल आत घ्या, यूटीएफ-८ ही अक्षरांची पद्धत निवडा (नाहीतर मराठी नावांच्या जागी किडे-मकोडे दिसतील), आणि नोंदणी क्रमांक, मोबाइल, आभा हे रकाने ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर पुढची शून्यं गळतात. १४ अंकी आभा क्रमांक मध्ये ‘ई’ असलेल्या आखूड आकड्यात बदलतो, आणि तशीच सीएसव्ही सेव्ह केली तर मूळ अंक परत मिळत नाहीत.

## टप्पा ८ : आकडे बरोबर, अर्थ चुकीचा

इथे सॉफ्टवेअर ‘चालत’ असतं, त्यामुळे तक्रार येतच नाही. महिन्यातून एकदा आपणच शोधायचं.

रिकामा आणि शून्य. एसॅस या लक्षणं मोजायच्या फॉर्ममध्ये प्रत्येक लक्षणाला ० ते १० आकडे देतात. पेशंट झोपलेला होता म्हणून विचारलं नाही, तर रकाना रिकामा राहायला हवा. पण फॉर्ममध्ये आधीच ० भरलेला असेल तर ‘वेदना नाही’ अशी नोंद होते. शोधायची युक्ती: ज्या भेटीत वेदना ० आहे आणि त्याच भेटीत मॉर्फिन वाढवलं आहे, अशा नोंदी काढा.

उलट्या पट्ट्या. पेशंट किती हिंडता-फिरता आहे ते मोजायच्या या पट्ट्या. कार्नोफ्स्की किंवा पीपीएसमध्ये १०० म्हणजे उत्तम. ईकॉगमध्ये ० उत्तम आणि ४ म्हणजे अंथरुणाला पूर्ण खिळलेला. कार्नोफ्स्कीच्या रकान्यात ३ किंवा ४ असा आकडा दिसला तर कुणीतरी ईकॉग भरला आहे.

मॉर्फिनच्या गोळ्यांचा हिशोब. डोस डॉक्टर ठरवतात. मी फक्त मोजणीबद्दल बोलतोय. साधं मॉर्फिन दर चार तासांनी देतात, पण पेशंटला रात्री २ वाजता उठवायला नको म्हणून सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० ला दुप्पट, अशी पद्धत रूढ आहे. वेळा पाच, डोस सहा. एका वेळी एक गोळी असेल तर दिवसाला सहा गोळ्या. सॉफ्टवेअरमध्ये ‘दिवसातून ५ वेळा, १ गोळी’ भरलं तर १४ दिवसांचा हिशोब ७० येतो, लागतात ८४. बाराव्या दिवशी घरात गोळी नाही. उलट ‘दर ४ तासांनी’ भरलं तर संख्या बरोबर येते, पण छापील वेळापत्रक घरच्यांना २ वाजता उठवतं. उपाय एकच: दोन ओळी करा. एक चार वेळांची, एक रात्री दहाची. मध्येच कळ आली तर द्यायच्या जादा गोळ्यांची तिसरी ओळ.

फेंटानिलच्या (कातडीला चिकटवायच्या वेदनाशामक) पॅचचंही असंच. तो साधारण दर तीन दिवसांनी बदलतात आणि त्याचं माप तासाला मायक्रोग्रॅममध्ये असतं. यादीत फक्त ‘मिलिग्रॅम’ आणि ‘रोज’ हेच पर्याय असतील तर ते तात्पुरतं चालवून घेऊ नका, यादीच बदलून घ्या.

सावधान : सॉफ्टवेअरमधला मॉर्फिनचा साठा आणि कपाटातला साठा जुळला नाही तर जुनी नोंद ‘दुरुस्त’ करून आकडा जुळवायचा नाही. या औषधांचा हिशोब एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली येतो. फरक आहे तसा लिहा, कारण लिहा, जबाबदार डॉक्टरांची सही घ्या.

पेशंट गेल्यानंतर. ‘उद्या आपल्या आईंची भेट आहे’ असा मेसेज तेराव्याच्या दिवशी मुलाच्या फोनवर जातो. तो आम्ही पाठवलेला आहे. मुलगा काही बोलला नाही, नुसता स्क्रीनशॉट पाठवला. त्यानंतर आमच्याकडे क्रम ठरला: मृत्यू कळल्या दिवशीच ‘मृत’ अशी नोंद, त्याच वेळी पुढच्या भेटी आणि मेसेज रद्द. पण फाईल बंद करायची नाही. उरलेलं मॉर्फिन परत आलं, एअर बेड आणि ऑक्सिजनचं यंत्र परत आलं, शोकभेट झाली, की मग बंद. आधी बंद केली तर परत आलेल्या गोळ्या भरायला जागाच राहत नाही आणि साठ्याचा घोळ तिथून सुरू होतो.

## टप्पा ९ : सॉफ्टवेअरवाल्यांना सांगणं

सगळ्या टॅबवर एकाच वेळी बिघाड असेल किंवा वरचं सगळं करूनही सुटला नसेल, तर वहीतल्या पाच गोष्टी वेळेसकट पाठवा. ‘लवकर करा’ लिहून काही होत नाही. ‘कायम ठरावीक पेशंटची फाईल उघडताना, फक्त २ नंबरच्या टॅबवर, असा संदेश येतो’ लिहिलं की होतं.

ते म्हणतील, रिमोट द्या किंवा तुमचा पासवर्ड पाठवा. पासवर्ड नाही. त्यांना वेगळं तात्पुरतं लॉगिन द्या आणि काम झालं की बंद करा. ते नवी आवृत्ती टाकणार असतील तर आधी बॅकअप घ्या, आणि तो खरंच उघडतो का हे दुसऱ्या संगणकावर बघा. आवृत्ती आधी एकाच टॅबवर. बाकीच्या टॅबवर दोन दिवसांनी, आणि तेही शुक्रवारी संध्याकाळी नको.

दुरुस्ती झाल्यावर कागदी फॉर्म भरायला बसा. भेटीची तारीख कागदावरची टाका, आजची नको. बहुतेक फॉर्म आजची तारीख आपणहून भरून ठेवतात. एंट्री झालेल्या कागदावर तारीख आणि सही करा, आणि कागद लगेच फाडू नका. पहिल्या मासिक अहवालाशी जुळेपर्यंत ते त्याच कुलपात, सोमवारच्या यादीशेजारी.